मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र: तो कार्टूनवाला कार्यक्रम का नको ते जरा नीट सांगा

अध्यक्ष सर आणि कमिटीतले सगळे दादा-ताई, सप्रेम नमस्कार,

मी पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही. सत्तावीस वर्षं आपल्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात आहे आणि त्यातली निम्मी तरी हॉलच्या मागच्या किचनमधे गेलीत, चहाचं मोठं पातेलं कुठल्या कपाटात आहे आणि कुठल्या ड्रॉवरचं हँडल निघालंय ते मला विचारा. पण परवा माझ्या लेकीला तुमची जी ईमेल आली ती वाचून रात्री झोप लागेना म्हणून हे टायपायला बसलेय, आणि सगळ्यांनाच पाठवतेय कारण एकट्या अध्यक्षांना पाठवलं की ते "बघतो" म्हणतात आणि मग पुढची दिवाळी येते.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेक आणि तिच्या वयाची अजून पाचसहा मुलं, म्हणजे मुलं कसली, तिशीला आलीत सगळी, त्यांनी एक कार्यक्रम सुचवला होता. प्राइमवरची एक कार्टून मालिका सगळ्यांनी आपापल्या घरी बघून यायची आणि हॉलमधे खुर्च्या गोल मांडून दीड तास नुसत्या गप्पा मारायच्या, फक्त मोठ्यांसाठी, प्रोजेक्टर नको स्पीकर नको, खर्च काय तो चहाचा आणि चिवड्याचा. तुमचं उत्तर दोन ओळींचं. विषय सेन्सिटिव्ह आहे, आपल्या संस्कृतीशी त्याचा संबंध नाही, त्यापेक्षा लावणी किंवा अंताक्षरीचा विचार व्हावा. लावणी सेन्सिटिव्ह नाही हे वाचून बरं वाटलं.

मला खात्री आहे की कमिटीतल्या एकानेही ती मालिका उघडूनसुद्धा बघितलेली नाही. नाव ऐकलं, मुस्लिम फॅमिली आहे एवढं कळलं, विषय संपला. म्हणून आधी ती आहे काय ते सांगते.

नाव आहे नंबर वन हॅपी फॅमिली यूएसए. १७ एप्रिल २०२५ ला प्राइमवर आली, पहिल्या सीझनचे आठ भाग आहेत, एका दिवसात बघून होतात. इजिप्तहून आलेलं एक कुटुंब, राहायला कुठे तर आपल्याच न्यू जर्सीत. बापाचं नाव हुसेन हुसेन, म्हणजे नाव पण तेच आणि आडनाव पण तेच, हा आधी डॉक्टर होता आणि इथे हलाल खाण्याची गाडी लावतो. आईचं नाव शरिया, आणि हे नाव ठेवलं तिथेच लिहिणाऱ्याने अर्धे जोक लिहून टाकले असं मला वाटतं. मोठी मुलगी मोना, घरात आजीआजोबा, आणि बारा वर्षांचा मुलगा रूमी ज्याला शाळेतली टीचर आवडते. पहिला भाग घडतो १० सप्टेंबर २००१ ला. आता विचार करा, त्या घरात सगळ्यांची आपापली कटकट चाललीये, रूमीचं शाळेचं, बापाचं गाडीचं, आणि उद्या काय तारीख आहे ते त्यांना माहिती नाही पण सोफ्यावर बसलेल्या आपल्याला माहितीये. मी तर त्या भागात हसताना मधेच थांबत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाप ठरवतो की आपण आता असं दिसायचं, असं बोलायचं, असं वागायचं की आख्ख्या गल्लीत आपल्याएवढं अमेरिकन कुणीच नको. म्हणून ते नाव, नंबर वन हॅपी फॅमिली. आणि त्यापायी घरातला एकेक माणूस कसा वेडावाकडा होत जातो त्याची ही कॉमेडी आहे.

ज्याने हे केलंय तो रामी युसूफ, आईवडील इजिप्तचे, पोरगा वाढला रदरफोर्डला, म्हणजे टर्नपाइक हायवे मोकळा असेल तर आपल्या एडिसनहून अर्धापाऊण तास. अकरा सप्टेंबर झालं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. रूमीचा आवाजही त्याचा आणि बापाचाही त्याचाच, म्हणजे आपल्या लहानपणाशी आपणच बाप होऊन भांडतोय असं ते ऐकायला येतं, मला ते फार आवडलं. त्याच्याबरोबर आहे पॅम ब्रेडी, ती साउथ पार्क कार्टूनवाली, आणि २००४ च्या त्या कठपुतळ्यांच्या टीम अमेरिका सिनेमाची पण एक लेखिका तीच, ज्यात अरब लोकांच्या तोंडी नुसती बडबड घातली होती. तीच बाई वीस वर्षांनी ह्या घरात बसून लिहितेय हे मला तरी गमतीचं वाटलं. आणि चित्रांचं सगळं रूप ठरवलंय मोना चलाबीने, आकडेवारीची हाताने चित्रं काढणारी पत्रकार, तिला २०२३ ला पुलित्झर पारितोषिक मिळालंय. सुरवातीलाच रेटिंगची पाटी येते, एच म्हणजे हराम. एवढं तर ते स्वतःच स्वतःवर हसतायत.

आता तुमच्या बाजूचंही सांगते, मी काही आंधळी नाहीये. मालिकेत शिव्या आहेत, चावट जोक आहेत, काही ठिकाणी एवढ्या घाईने एकावर एक गमती टाकल्यात की एक पचेपर्यंत तिसरी येते, शेजारी राहणाऱ्या एफबीआयवाल्याचं प्रकरण मला जरा ताणल्यासारखं वाटलं. शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना दाखवायची ही गोष्ट नाही, आणि पोरांनी तसं कुठे म्हटलंच नव्हतं, मोठ्यांसाठी असं ठळक लिहिलं होतं. तेव्हा भाषेचं कारण दिलं असतंत तर मी गप्प बसले असते. तुम्ही कारण दिलंत संस्कृतीचं.

तर संस्कृतीचं बोलू.

त्या मालिकेत एक युक्ती आहे. घरातली माणसं घरात एक दिसतात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की त्यांचं रूपच बदलतं, म्हणजे चित्रच बदलतं. कुणी काही बोलत नाही, कुणी समजावून सांगत नाही, दार उघडलं की झालं. हे पहिल्यांदा बघितलं आणि मी रिमोट खाली ठेवला, कारण मला जर्सी सिटीतल्या आमच्या शेजारच्या मावशी आठवल्या. १९९८ ला मी लेकीला कडेवर घेऊन आले, न्यूअर्क ॲव्हेन्यूच्या मागे एका बेडरूमची जागा, समोरच्या दारात ह्या गुजराती मावशी. त्यांच्या पर्समधे पावडरची एक रिकामी डबी असायची, आतल्या आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या. देवळाच्या पायरीवर डबी उघडायची, एक टिकली काढून कपाळाला लावायची, दर्शन झालं की परत काढून आरशावर. मी नवीन, हसले, म्हटलं मावशी एवढं काय. तर त्यांनी मला १९८७ सांगितलं. डॉटबस्टर्स, म्हणजे आपल्या कपाळावरच्या टिकलीवरूनच पडलेलं नाव, त्यांनी तिथल्या पेपरात पत्र पाठवलं होतं की जर्सी सिटीतून इंडियन लोकांना आम्ही हाकलणार. आणि त्याच सप्टेंबरात होबोकेनला नवरोज मोदी नावाच्या माणसाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. तो पारशी होता, बँकेत मॅनेजर होता, टिकलीचा आणि त्याचा काय संबंध. पण मारणाऱ्याला कुठे संबंध बघायचा असतो.

मावशींची ती डबी आणि ते दाराबाहेरचं बदलणारं चित्र, मला सांगा ह्यात परकं काय आहे.

आता २००१. तुमच्यातल्या चारपाच जणांना तरी ते दिवस माझ्याइतकेच आठवत असतील, बाकीचे नंतर आलात. आमचे हे तेव्हा जर्सी सिटीत एक्स्चेंज प्लेसला कामाला होते, नदीपलीकडे समोरच ते टॉवर्स, नदीच्या ह्या काठावरून त्यांनी सगळं बघितलं, संध्याकाळी घरी चालत आले आणि दोन दिवस काही बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉलर स्टोअरमधून झेंडा घेऊन आले. प्लास्टिकची काडी, खाली क्लिप, गाडीच्या काचेत अडकवायचा. हायवेवर तो एवढा फडफडायचा की बोलता यायचं नाही, आठवड्यात त्याच्या कडा फाटून चिंध्या झाल्या. फाटका झेंडा बघून कुणी काही बोललं तर, म्हणून लगेच दुसरा. मग तिसरा. मिशी काढली, लग्नापासूनची मिशी. लेक पाच वर्षांची होती, ती बाबांकडे जाईना दोन दिवस.

आणि ते एक वाक्य. पेट्रोल भरताना एकाने विचारलं कुठला रे तू, तर ह्यांनी उत्तर दिलं, आय ॲम हिंदू, इंडिया. त्याने देश विचारला होता, धर्म नव्हता विचारला. पण ते वाक्य आपल्या सगळ्यांच्याच तोंडात तयार असायचं त्या दिवसांत, माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू. त्याचा अर्थ काय होतो ते लेकीने परवा मालिका बघताना विचारलं. आधी म्हणाली आई, हा हुसेन म्हणजे सेम आपला बाबा. मी हसले. मग म्हणाली, बाबा असं सांगायचा म्हणजे मी तो नाही, तो दुसरा आहे, त्याला पकड, असंच ना. मी चहा ठेवायला उठले.

झेंडे लावून, मिशा काढून आपण काय वाचलो असं कुणाला वाटत असेल तर ॲरिझोनातल्या मेसाचे बलबीरसिंग सोढी आठवा. १५ सप्टेंबर, म्हणजे चारच दिवस झालेले. त्याच दिवशी त्यांनी खिशातले पैसे मदतीच्या फंडात टाकले होते, मग आपल्या गॅस स्टेशनच्या बाहेर फुलझाडं लावत होते, आणि एकाने येऊन गोळ्या घातल्या कारण डोक्यावर पगडी. ते शीख होते.

ज्यांच्यावर खरोखर सरकारचा दट्ट्या पडला त्यांचं तर आपण नावही काढत नाही. २००२ ला स्पेशल रजिस्ट्रेशन सुरू झालं, पंचवीस देशांच्या पुरुषांनी जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, उत्तर कोरिया सोडला तर सगळे मुस्लिम देश, इजिप्त त्यात होता. ऐंशी हजारांच्या वर माणसं स्वतःच्या पायाने जाऊन रांगेत उभी राहिली, त्यातल्या तेरा हजारांहून जास्त लोकांवर देशाबाहेर काढायच्या केसेस लागल्या, आणि दहशतवादाचा गुन्हा सिद्ध झाला असा त्यातून एकही निघाला नाही. इंडिया त्या यादीत नव्हता. आपण सुटकेचा श्वास टाकला आणि नवरात्राच्या पासांची चौकशी करायला लागलो. नंतर २०११-१२ ला बातम्या आल्या की न्यूयॉर्कचे पोलीस नदी ओलांडून आपल्या जर्सीत येऊन मशिदी आणि मुस्लिम लोकांची दुकानं, हॉटेलं टिपून ठेवत होते. तेव्हाही मंडळात आपण कशावर भांडत होतो, तर स्मरणिकेत जाहिरातीचं पान आधी की शुभेच्छांचं.

आणि आता मला जे खरं लिहायचंय ते. इतका वेळ त्याच्याच आजूबाजूला फिरतेय.

आपल्या मंडळात एक कुटुंब होतं, दापोलीकडचं, कोकणी मुसलमान. नाव लिहीत नाही, जुन्यांना कळेल. भाभी आपल्या किचनमधल्या. त्यांची मराठी माझ्या पुणेरी मराठीपेक्षा गोड, आणि मोदकाची उकड तुमच्यामाझ्या कुणाच्याही आधी त्यांना जमायची कारण तांदळाची पिठी आणि नारळ ह्यात त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. मला कळ्या पाडायला त्यांनी शिकवलं. पाण्यात नको, तेलात बोट बुडव, आणि अंगठा आत ठेव, बाहेरून दोन बोटांनी चिमटा, घाई केलीस की फाटणार. आरतीला त्या मागे उभ्या राहायच्या, कुणी पुढे ओढलं नाही आणि कुणी मागेही ढकललं नाही, असं छान चाललं होतं. ईदनंतर सांदणांचा डबा यायचा, ज्यांनी खाल्लीत त्यांना आठवत असेल.

त्या वर्षी गणपती ऑगस्टमधेच होऊन गेले होते. मग अकरा सप्टेंबर झालं. नोव्हेंबरात दिवाळीचा कार्यक्रम होता, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात कमिटीतल्या कुणीतरी भाभींकडे फोन केला की ह्या वेळी नाही आलात तर बरं, म्हणजे गैरसमज नको, तुमच्याच सेफ्टीसाठी. हे मला नंतर कळलं. पण किती नंतर, तर दिवाळीच्याच दिवशी, किचनमधेच, आणि मी करंज्या मांडत होते त्या तशाच मांडत राहिले. मी फोन केला नाही. चार दिवसांनी करू म्हटलं, मग महिन्याने करू म्हटलं, मग इतके दिवस झाले की काय तोंडाने करणार. त्या परत आल्या नाहीत, आणि आपल्या कुठल्याही मीटिंगच्या मिनिट्समधे त्यांचं नाव नाही, कारण काढून टाकलंच नव्हतं ना कुणी.

तेव्हा आपल्या संस्कृतीशी संबंध नाही हे वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळालंय असं समजा. तेव्हा ते गोड आवाजात होतं एवढाच फरक.

कमिटीतल्या एका दादांनी मला फोनवर सांगितलं, नाव लिहीत नाही, की ताई आपण त्यांच्यासारखे नाही, आपण शिकून नियमाने आलो, इथे आपली इमेज आहे. दादा, तो हुसेन डॉक्टर होता. इमेजच तर करत होता बिचारा आठही भागांत. आणि इमेजचं म्हणाल तर आपली स्मरणिका काढून बघा, कुणाचा मुलगा स्पेलिंग बीमधे, कुणाची मुलगी मेडिकलला, कुणाचं नवीन घर, सगळे दात दाखवून हसतायत. मुखपृष्ठावर फक्त नंबर वन हॅपी फॅमिली छापायचं बाकी आहे. ज्यांचा मुलगा कॉलेज सोडून घरी बसला त्यांचा फोटो आपण कधी मागितला का? मालिकेतल्या मोनाला घरी काहीतरी सांगायचंय आणि ते तोंडातून निघत नाहीये, तशा मोना आपल्या हॉलमधे पण गरबा खेळून गेल्यात, मला दोन माहिती आहेत.

अजून एक, हे विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. आपली पोरं शाळेत असताना त्यांना अपू म्हणून चिडवायचे, त्या सिम्प्सन्स कार्टूनमधला इंडियन दुकानदार. १९९० पासून तो आवाज एक गोरा माणूस काढत होता, २०२० ला त्याने सोडला. तीस वर्षं आपण तक्रार करत होतो की कार्टूनमधे आपली माणसं आपल्या आवाजात का नाहीत. आता एक जण आपल्याच राज्यात, आपल्या आवाजात, आपल्या बापावर हसतोय, तर आपण म्हणतोय सेन्सिटिव्ह आहे. मग तुम्हाला पाहिजे तरी काय!

हसण्याबद्दलही एक शंका काढली गेली म्हणे, की एवढ्या मोठ्या दुःखावर विनोद करणं बरं दिसत नाही. मालिका बघितलीत तर कळेल की मेलेल्यांवर एकही जोक नाही, जोक आहेत ते घाबरलेल्या माणसाच्या केविलवाण्या शहाणपणावर. बाप इतका सरळ, इतका हौशी, आणि प्रत्येक वेळी जरा जास्तच करतो. आमच्या ह्यांनी त्या हॅलोवीनला पोरांना वाटायला चॉकलेटच्या बावीस पिशव्या आणल्या होत्या, म्हणजे कुणी असं म्हणायला नको की ह्या घरातून मिळालं नाही. बिल्डिंगमधे मुलं आली नऊ. फेब्रुवारीपर्यंत आम्ही ती चॉकलेटं खात होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मालिका बघितल्यावर ह्यांनी स्वतःच पाहुण्यांसमोर सांगितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मागच्या महिन्यात पटेलच्या किराणा दुकानात नारळ निवडताना भाभी भेटल्या. चोवीस वर्षांनी. मी ओळखलं नाही, त्यांनी ओळखलं, कारण मी नारळ कानाशी हलवून बघत होते आणि त्यांनी मागून म्हटलं की तो नको, त्यात पाणी नाही. केस पांढरे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा फिलाडेल्फियाला. मला काय बोलावं सुचेना म्हणून मी मालिकेचंच काढलं, बघितली का. म्हणाल्या, मुलाने लावून दिली होती, अर्धा भाग बघितला, मग आमचे हे उठून मागे झाडांना पाणी घालायला गेले, पाऊस पडत होता तरी. मग विचारलं, अजून मंडळात आहेस का. म्हटलं हो. मोदक कोण करतं आता? म्हटलं फ्रोझन आणतात. ह्यावर त्या जेवढ्या वाईट तोंड करून माझ्याकडे बघत होत्या तेवढं तुमच्या ईमेलवरसुद्धा कुणी केलं नसेल.

फोन नंबर घेतलाय. फोनही केला ह्या वेळी.

तर कमिटीला विनंती अशी आहे. कॅलेंडर मी बघितलंय, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हॉल रिकामा आहे, त्या दिवशी चार ते साडेपाच द्यावा. आधी प्रत्येकाने निदान पहिले दोन भाग घरी बघावेत, कमिटीनेही, आणि बघून मग नको म्हणावं, तेव्हा मी ऐकून घेईन. २००१ च्या त्या फोनबद्दल कुणी माफी मागावी असं मी म्हणत नाही, ज्यांनी केला ते आता टेक्ससला असतात आणि मीही करंज्या मांडत राहिलेच होते, पण भाभींना बोलावण्याचा फोन मंडळाकडून जावा, माझ्याकडून नाही. चहा मी करते. चिवडा पोरं आणतील.

शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आमच्या बेसमेंटमधे करणार आहोत, त्याच दिवशी त्याच वेळी. फोल्डिंगच्या अठरा खुर्च्या आहेत, बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं. चपला गराजमधे काढा, आणि ड्राइव्हवेत फक्त चार गाड्या मावतात, तेव्हा शेअर करून या.

तुमची,
मागच्या किचनमधली